आधी वजनकाटा, मग खड्डा: महापालिकेच्या कचरा-नियमांचा गृहसंस्थेने उपयोग कसा करून घ्यावा

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून बिल्डरने गांडूळखताचे दोन हौद बांधून दिले होते, आणि पहिली काही वर्षे त्या हौदांत रंगाचे रिकामे डबे, फुटक्या कुंड्या आणि कोणाची तरी मोडकी सायकल एवढेच होते. मिळकतकराच्या बिलात मात्र ‘गांडूळखत प्रकल्प’ या नावाखाली सवलत येत होती. एका वर्षी पाहणी झाली, सायकल दिसली आणि सवलत गेली. त्यानंतर भरलेल्या सर्वसाधारण सभेत महापालिकेला भरपूर नावे ठेवून झाल्यावर कार्यकारिणीने हे काम माझ्या गळ्यात घातले. पुढे जे लिहिले आहे ते त्या कामातून शिकलेले आहे. उदाहरणे पुण्याची असली, तरी केंद्राचे नियम सगळीकडे सारखेच असल्यामुळे महाराष्ट्रातील इतर शहरांतील संस्थांनाही यातील बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

नियम नेमके काय मागतात

घनकचरा व्यवस्थापन हा विषय चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामांत आला. घरगुती कचऱ्याच्या वर्गीकरणाला खरी धार आली ती २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी. त्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरच, म्हणजे तुमच्या-आमच्यावर, काही कर्तव्ये टाकली. कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करून द्यायचा, तो उघड्यावर टाकायचा किंवा जाळायचा नाही, स्थानिक संस्थेने ठरवलेले वापरशुल्क भरायचे, आणि शंभरांहून अधिक माणसे जमणारा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजी दिवस आधी कळवायचे. रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणारे ‘मोठे कचरा निर्माते’ ठरले, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्य तेवढा आपल्याच आवारात जिरवावा, असे सांगण्यात आले. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत तीनाऐवजी चार प्रवाह आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (सुया, ट्यूब यांसारखा) कचरा. मोठ्या निर्मात्याच्या व्याख्येतही कचऱ्याच्या वजनाबरोबर २०,००० चौरस मीटर चटईक्षेत्र किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाणीवापर हे निकष आले आहेत. यांपैकी एक निकष लागू झाला तरी पुरे.

केंद्राचा नियम हा सांगाडा असतो. प्रत्यक्ष दंड किती, शुल्क किती, गाडी कोणत्या दिवशी काय उचलणार, हे महापालिकेच्या उपविधींत, म्हणजे तिच्या स्वतःच्या स्थानिक नियमांत असते. त्यामुळे संस्थेच्या सचिवाने सर्वांत आधी आपल्या क्षेत्रीय कार्यालयातून किंवा जवळच्या आरोग्य कोठीतून (प्रभागातल्या सफाई कामाच्या ठाण्यातून) चालू उपविधींची प्रत मिळवावी. व्हॉट्सॲपवर फिरणारे दंडाचे तक्ते बहुधा दुसऱ्याच शहराचे असतात.

पहिली पायरी: सात दिवस वजन

बहुतेक संस्था इथेच चुकतात. सभेत ठराव होतो, कोणीतरी यंत्राचे माहितीपत्रक आणतो, दुसरा म्हणतो की आमच्या मेहुण्यांच्या सोसायटीत ड्रम आहेत, आणि कचरा किती निघतो हे कोणालाच ठाऊक नसताना खरेदी होते. त्याऐवजी एक साधा टांगता काटा आणावा आणि सोमवार ते रविवार असे सलग सात दिवस ओला, सुका आणि उरलेला कचरा वेगवेगळा तोलून वहीत लिहावा. रविवार वगळू नये, कारण मटण-मासळी आणि पाहुण्यांचा तोच दिवस. हा आठवडा सणाचा किंवा सुट्ट्यांचा नसावा; उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मी घरे गावी गेलेली असतात, आणि जी असतात त्यांच्या बादल्या आंब्याच्या कोयींनी भरतात.

ढोबळ अंदाज हवा असेल तर चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो असे धरावे, म्हणजे ५० सदनिकांच्या संस्थेत २५ ते ३८ किलो. पण अंदाज तो अंदाजच. ज्या इमारतीत रोज भाजी निवडली जाते तिचा आकडा आणि जिथे अर्ध्या घरांत बाहेरून डबा येतो तिचा आकडा यांत मोठा फरक पडतो. ही सात दिवसांची वही पुढे तीन ठिकाणी उपयोगी पडते: खड्ड्याचे माप ठरवताना, आपण मोठे निर्माते आहोत की नाही हे सांगताना, आणि सवलतीसाठी पाहणीला आलेल्या निरीक्षकाशी बोलताना.

दुसरी पायरी: बादली कोणाच्या हातात आहे ते ओळखणे

वर्गीकरणाची सूचना इंग्रजीत छापून लिफ्टमध्ये डकवली जाते आणि तिथेच तिचे काम संपते, कारण पुष्कळ घरांत कचरा कोणत्या बादलीत पडणार हे घरमालक ठरवत नाही, स्वयंपाकाला आणि भांड्यांना येणाऱ्या बाई ठरवतात. आम्ही दोन संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून फक्त घरकाम करणाऱ्या मावशींची बैठक घेतली आणि एका घरचा खराखुरा कचरा कागदावर पसरून तो सगळ्यांनी मिळून वेगळा केला. त्यांतल्या एकीने विचारले, “दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा कुठं टाकायचा?” हा प्रश्न कार्यकारिणीतल्या एकालाही सुचला नव्हता. तो बोटाच्या पेराएवढा तुकडा भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो, खतातून चाळून निघत नाही आणि शेवटी कुंडीत सापडतो. उत्तर असे की कोपरा पूर्ण कापूच नये. चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवावा, पिशवी विसळून उलटी टांगावी आणि वाळल्यावर सुक्या कचऱ्यात टाकावी.

घरात बादल्या दोन आणि एक लहान डबा एवढे पुरते. हिरवी बादली ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी, आणि डबा विशेष काळजीच्या वस्तूंसाठी. ओल्या कचऱ्याच्या बादलीला प्लॅस्टिकची पिशवी लावू नये. तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद घालावा, जो कचऱ्याबरोबर खड्ड्यात गेला तरी चालतो. चहाची पावडर, अंड्यांची टरफले, उरलेले अन्न, निर्माल्य हे सगळे ओले. निर्माल्यातून मात्र दोरा, टाचण्या, जर आणि थर्माकोल काढून घ्यावे लागते. हाराचा दोरा खतात महिनोन्महिने तसाच राहतो आणि फावड्याला गुंडाळतो. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या दीड-दोन महिन्यांत कुजत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या गोणीत भराव्यात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने रुजवली. तिच्यामागचा विचार सरळ आहे: पुडके उघडून पाहण्याची वेळ कचरा वेचणाऱ्या बाईंवर येऊ नये. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत साठवाव्यात आणि बाटली भरली की विशेष कचऱ्यात द्यावी. सीएफएल आणि ट्यूब न फोडता खोक्यातच ठेवाव्यात, कारण त्यांत पारा असतो. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या भंगारात विकण्याऐवजी ई-कचरा संकलनाच्या दिवसाची वाट पाहावी. ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे, आणि ती साखळी अधिकृत केंद्रातूनच सुरू होते. गल्लीत तार जाळून तांबे काढणाऱ्याकडून ती सुरू होत नाही.

तिसरी पायरी: सुका कचरा आणि तो उचलणारी माणसे

पुण्याची गोष्ट इथे इतर शहरांपेक्षा वेगळी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार संकलनाचे काम घेतले. या व्यवस्थेत घरमालक दरमहा ठरलेले शुल्क थेट कचरावेचकाला देतो, आणि सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगा जो माल निघतो त्याचे पैसेही कचरावेचकाचेच असतात. म्हणजे उत्पन्न दोन पायांवर उभे असते. आता एखादी उत्साही कार्यकारिणी पुठ्ठे, बाटल्या आणि डबे स्वतः भंगारवाल्याला विकून त्यातून दिवाळीचे कंदील आणते, आणि कचरावेचकाकडे उरतात फक्त चिप्सची पाकिटे आणि डायपर. तांत्रिकदृष्ट्या यात नियमभंग नसेलही, पण माझ्या मते ही लबाडी आहे, शिवाय अव्यवहारीही. दोन महिन्यांत तुमच्या इमारतीकडे उशिरा येणे सुरू होते आणि दोष आपला असतो.

सुका कचरा कोरडा हवा. एकच तेलकट डबा अख्ख्या गोणीतल्या कागदाची किंमत घालवतो. डबे-बाटल्या दोन घोट पाण्याने विसळाव्यात, चकचकीत करत बसू नये. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, वर्तमानपत्र, पत्रा, ॲल्युमिनियम यांना बाजार आहे. बिस्किटांची व चिप्सची अनेक थरांची पाकिटे भंगारवाला घेत नाही. ती वेगळ्या पिशवीत दिली तर वर्गीकरण केंद्रात निदान वेगळी राहतात. पणजीत काही वसाहतींमध्ये सुक्या कचऱ्याचेच अनेक प्रकार करून कप्पे भरले जातात. ते पाहण्यासारखे आहे, पण सुरुवातीलाच एवढा हव्यास धरू नये. मूळ प्रवाह सहा महिने नीट चालले की मग पुढचे कप्पे वाढवावेत. बंदी असलेल्या प्लॅस्टिक-थर्माकोलच्या वस्तूंचा प्रश्न थोडा निराळा: राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तुरुंगवासाचीही तरतूद आहे, त्यामुळे सोसायटीच्या गणेशोत्सवात थर्माकोलची ताटे आणण्याआधी वर्गणीचा हिशेब पाहून घ्यावा.

चौथी पायरी: ओल्या कचऱ्याचा खड्डा

जागा सावलीची, पावसाचे पाणी न साचणारी आणि कोणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली न येणारी असावी. तिसरी अट पाळली नाही तर पहिल्या दोन पाळून उपयोग नाही.

माप असे काढावे. रोज ३० किलो ओला कचरा असेल, तर १५ दिवसांचा ४५० किलो होतो. त्यात सुका पालापाचोळा मिसळला आणि रोजचे बसणे-आटणे धरले, तर चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल असा, म्हणजे साधारण एक घनमीटरचा खण पंधरा दिवसांत भरतो. असे चार खण बांधावेत. पहिला भरला की दुसरा, मग तिसरा, मग चौथा; चौथा भरेपर्यंत पहिल्याला ४५ दिवसांची विश्रांती मिळालेली असते आणि तो रिकामा करता येतो. दोनच खण असतील तर कच्चा माल उपसावा लागतो, आणि वास येतो तो नेमका याच ठिकाणी. आमच्या जुन्या दोन हौदांचा हाच दोष होता. दोन नवे बांधल्यावरच चक्र बसले. बाजू जाळीदार विटांच्या किंवा भोके ठेवलेल्या असाव्यात, तळाला उतार आणि काळे पाणी गोळा करायला एक भांडे हवे, आणि झाकण जाळीचे असावे, कारण उंदीर-घुशी एका रात्रीत वर्षभराचा उत्साह संपवतात.

भरताना तळाशी सहा इंच नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काटक्या घालाव्यात, त्यावर ओल्या कचऱ्याचा थर आणि दर थरावर वाळक्या पानांचा थर. दोन टोपल्या ओल्याला एक टोपली पाला हे लक्षात ठेवायला सोपे प्रमाण आहे. कारण असे की जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे सुमारे ३० भाग लागतात. भाजीपाल्यात नत्र अधिक, पानांत कर्ब अधिक. पाला कमी पडला की अमोनियाचा नाकात जाणारा वास येतो. ओलावा तपासायला मूठभर माल पिळावा: बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला घाला, आणि मूठ उघडताच माल सुटा झाला तर पाणी शिंपडा. चांगल्या खणाच्या पोटात हात घालवत नाही इतकी ऊब असते; तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते आणि त्यातच रोगजंतू व तणांचे बी मरते. आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली करावे. लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, कारण त्यात डिंक-रसायने असतात.

पाल्याची साठवण ही पुण्यातली खरी अडचण. जानेवारी ते एप्रिल पानगळीत जमिनीवर ढीग पडलेले असतात आणि झाडणारे ते जाळायला निघतात (जे बेकायदा आहे), आणि जुलैत, जेव्हा कचरा सर्वांत ओला असतो, तेव्हा वाळके पान शोधून मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यातच तीस-चाळीस गोण्या भरून छपराखाली रचून ठेवाव्यात. पावसाळ्यात खणात करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर सभासदांकडून तक्रारींचे फोन येतील. त्या अळ्या कचरा खातात, रोग पसरवत नाहीत. वर पाल्याचा जाड थर दिला की त्या दिसेनाशा होतात, आणि फोनही थांबतात.

जागा अजिबात नसेल तर यंत्राचा पर्याय उरतो. विक्रेता चोवीस तासांत खत म्हणतो तेव्हा एक कसोटी लावावी: निघालेला माल पाण्यात भिजवून दोन दिवस झाकून ठेवावा. आंबट वास आला तर ते खत नाही, वाळवलेले अन्न आहे, आणि कुंडीत घातले की मुळांपाशी कुजते. बारीक करणारी यंत्रे चांगली असतात, पण त्यांचा मालही पुढे दोन-तीन आठवडे क्रेटमध्ये मुरवावा लागतो, त्यामुळे जागा वाचते ती विक्रेता सांगतो त्यापेक्षा कमीच.

पाचवी पायरी: सवलत आणि तिचा खरा हिशेब

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. लोक इथे फसतात, कारण ही सवलत संपूर्ण बिलावर मिळत नाही, फक्त सर्वसाधारण कर या एका घटकावर मिळते. समजा, एका सदनिकेच्या बिलात सर्वसाधारण कर ८,००० रुपये आहे, तर ५ टक्क्यांनी वर्षाला ४०० रुपये वाचतात. ५० सदनिकांचे मिळून २०,००० रुपये. खड्डा सांभाळणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार यातून निघत नाही. म्हणून ‘कर वाचेल’ या एकाच मुद्द्यावर ठराव मंजूर करून घेऊ नये, कारण पहिल्याच बिलानंतर लोक हिशेब करतात आणि विश्वास जातो. आम्ही सभेत तो आकडा आधीच फळ्यावर लिहिला आणि देखभाल खर्चात दर घरी महिन्याला किती वाढ होईल तेही त्याच्या खाली लिहिले. विरोध झाला, पण ठराव झाला, आणि नंतर कोणी फसवणुकीचा आरोप केला नाही.

अर्जासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव, सदनिकाधारकांची मिळकत क्रमांकांसह यादी, प्रकल्पाची छायाचित्रे आणि खर्चाच्या पावत्या तयार ठेवाव्यात. अर्ज नेमका कोणत्या खिडकीवर द्यायचा हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये. पाहणीला येणारा निरीक्षक हौदापेक्षा त्यातला माल पाहतो. चार खणांपैकी एक भरला जात आहे, दोन मुरत आहेत, एक चाळायला तयार आहे, आणि शेजारी वजनाची वही टांगलेली आहे, एवढे दिसले की फारसे बोलावे लागत नाही. सदनिका विकली गेली की नव्या मालकाच्या बिलावर सवलत कायम आहे ना, हेही वर्षातून एकदा तपासावे.

नियम मोडणाऱ्या सभासदाचे काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. थेट दंडापासून सुरुवात करू नये. मिसळलेली बादली परत दारात ठेवावी, सोबत काय चुकले याची चिठ्ठी असावी. तिसऱ्या वेळी कार्यकारिणीतील दोघांनी जाऊन बोलावे. त्यानंतरही तसेच चालले तर उपविधीनुसार महापालिका दंड करू शकते, आणि ती वेळ एखाद्या घरावर आलीच तर बाकीच्यांनी वर्गणी काढून तो भरू नये.

या सगळ्याची निकड नव्याने पटवायची असेल, तर जुन्या सभासदांना एप्रिल २०१७ आठवायला सांगावे. उरुळी देवाची-फुरसुंगी येथील पुण्याच्या कचरा डेपोला आग लागली, धुराला कंटाळलेल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यातल्या चौकाचौकांत ढीग साचले. ज्या थोड्या इमारती स्वतःचा ओला कचरा जिरवत होत्या, त्यांच्या दारात तेव्हा फक्त सुक्याच्या गोण्या होत्या, आणि सुका कचरा दोन आठवडे पडून राहिला तरी सडत नाही.

खत निघाल्यावर

४५ दिवस मुरलेला माल काळपट, भुसभुशीत आणि पहिल्या पावसात येतो तशा मातीच्या वासाचा असतो. वजन मूळ कचऱ्याच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरते. तो एक दिवस सावलीत पसरून पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळावा, निम्मे खत घरोघरी वाटावे आणि निम्मे संस्थेच्या झाडांना घालावे. कुंडीत मातीच्या तीन भागांना खताचा एक भाग पुरतो. नुसत्या खतात रोप लावले तर ते जळते. तुमच्या कुंडीत न लावलेला टोमॅटो किंवा भोपळ्याचा वेल उगवला तर खण पुरेसा तापला नव्हता असे समजावे. पुढच्या वेळी पाला आणि पालटणी वाढवावी. वेल काढायचा की ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. चाळणीवर उरलेले जाड तुकडे फेकू नयेत, नव्याने भरायला घेतलेल्या खणाच्या तळाशी टाकावेत; विरजणासारखे ते काम करतात, आणि दुसऱ्या फेरीपासून बाजारातून कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पाकिटे आणावी लागत नाहीत.